पँथर पडद्यावरचा

'पुष्पा २' डिसेंबर २०२४ मध्ये आला आणि आमच्या परभणीतल्या वस्तीत पोरे हनुवटीखालून उलटा हात फिरवीत हिंडू लागली. हमाली करणारा नायक मान ताठ ठेवतो, हे पाहून कष्टकऱ्याच्या पोराला बरे वाटणारच. पण हा गडी रक्तचंदनाच्या तस्करीतून मोठा होतो, नि बाकीचे मजूर मजूरच राहतात! हे आम्हास पटले नाही.

त्यापेक्षा २०१८ सालचे दोन चित्रपट आम्हास मोलाचे वाटतात. पहिला 'ब्लॅक पँथर'. नावावरून कुणास वाटेल, हा आपल्या पँथरांचा सिनेमा. तसे नाही. हे पात्र अमेरिकेतल्या चित्रकथेत १९६६ साली आले. त्याच वर्षी तिथल्या काळ्या तरुणांनी त्याच नावाचा पक्ष काढला, आणि त्या पक्षाची स्फूर्ती घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. सिनेमात मारामारी भरपूर; पण काळ्या माणसांचे राज्य जगात सर्वांत पुढारलेले, आणि तिथली नवी यंत्रे बनविते कोण, तर राजाची धाकटी बहीण. मुलींना मुद्दाम दाखवावा.

दुसरा पा. रंजित यांचा 'काला'. धारावीची जमीन गिळू पाहणारा नाना पाटेकर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, तर रजनीकांत काळ्या. रजनीकांतच्या करामती जरा जास्तच झाल्यात. तरी शेवटी काळा, लाल आणि निळा रंग उधळतो, तेव्हा नायक एकटा राहत नाही; सारी वस्तीच काला होते.

दोन्ही हिंदीत आहेत. जयंतीच्या आठवड्यात वस्तीत पडदा लावणार असाल, तर 'काला' आधी लावावा.