परतीच्या तिकिटाचा प्रश्न

गाझातील पॅलेस्टिनी जनतेला अन्य देशांत वसवावे, अशी सूचना अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडली. इजिप्त व जॉर्डन यांनी ती नाकारली. नकोशा माणसांना गाडीत बसवून प्रश्न मिटविण्याचा हा मार्ग मुंबईच्या उपनगरांना मात्र नवा नाही.

जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथवासीयांना त्यांच्या मूळ गावी पाठविण्याचे जाहीर केले. विलेपार्ल्याला द्रुतगती महामार्गालगतचे कामराजनगर जलवाहिन्या टाकणाऱ्या मजुरांनीच १९६०-६१ मध्ये वसविलेले. तेथील रहिवासी न्यायालयात गेले. त्याच मोहिमेत अन्य एका मजुराची झोपडी पाडून त्याला सहकुटुंब सेलमच्या बसमध्ये बसविण्यात आले. बायको-मुली तिकडेच राहिल्या. तो कामाच्या शोधात परतला आणि पुन्हा पदपथावरच राहू लागला. सेलमला रोजगार असता, तर तो मुळात मुंबईस आलाच नसता!

१० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. झोपड्या हटविण्यास मात्र मनाई केली नाही. निकालाचा हा उत्तरार्ध सोयीस्करपणे विसरला जातो.

गाझात युद्ध होते, येथे दारिद्र्य. तुलना फार ताणू नये. तथापि घर पाडल्यानंतर मिळविलेल्या होकारास ‘स्वेच्छा’ म्हणता येईल काय? मुंबईतून हाकललेला मजूर परतू शकला, कारण देश एकच होता. १९४८ मध्ये घरे सुटलेल्या सुमारे ७ लाख पॅलेस्टिनींपैकी बहुतेकांना परतता आलेले नाही.