अर्धी दारातली, अर्धी रानातली

परसात आधीच कोंबड्या असलेल्या घरी गिनी कोंबडी आली, की आठवडाभरात घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, वस्तीला राखण मिळाली. दुसरा म्हणतो, घरातली झोप गेली. दोघांचेही खरे असते.

पक्षी दिसायला मोठा ऐटबाज. राखाडी अंगावर मोती शिंपडावेत तसे पांढरे ठिपके, पिसे नसलेले डोके, त्यावर हाडाचे बोथट शिंग आणि गालांशी लोंबणारे लाल लोलक. मूळचा हा आफ्रिकेतला. ग्रीकांनी त्याच्या ठिपक्यांना एक गोष्ट जोडून दिली आहे. मेलिएगर नावाचा वीर मेला तेव्हा त्याच्या बहिणींचा शोक आवरेना. देवीने त्यांचे पक्षी केले आणि अंगावर ओघळलेल्या आसवांचे ठिपके झाले. शास्त्रीय नावातला ‘मेलिएग्रिस’ तो हाच. आपल्याकडे बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने या पक्ष्याच्या कादंबरी, चितंबरी आणि श्वेतांबरी अशा जाती तयार केल्या. नावे ऐकून एखाद्या संगीत नाटकातल्या नायिका वाटाव्यात! पण आवाजाच्या बाबतीत मात्र संगीताशी काही संबंध नाही.

आवाज हाच तिचा गुण आणि हाच दोष. कुंपणापाशी परका माणूस दिसो, मुंगूस दिसो, सरपटणारे काही दिसो, सगळा थवा एकदम कलकलाट करून उठतो. साप दिसला तर त्याच्याभोवती कडे करून ओरडत राहतो. लहानसा असेल तर चोचींनी मारूनही टाकतो. गिनी असली की साप फिरकतच नाही, असे जे छातीठोकपणे सांगितले जाते, त्यावर मात्र विसंबू नये. साप आला हे कळते, एवढे नक्की, आणि लहान मुले अंगणात खेळत असतील तर तेवढेही पुष्कळ. अडचण अशी, की नवी बादली, दोरीवर वाळणारे अनोळखी लुगडे आणि पोस्टमन यांच्यासाठीही तोच गजर होतो. मळ्यातल्या एकट्या वस्तीवर हे खपते. गावठाणात, भिंतीला भिंत लागून घरे असतील तिथे शेजारधर्म चार दिवसांत संपतो.

गोचिडांबद्दलही असेच. १९९२ साली अमेरिकेतल्या लाँग आयलंडवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गिनी चरत असलेल्या हिरवळीवर मोठे गोचीड कमी आढळले, तेव्हापासून तिची या कामासाठी ख्याती झाली. नंतरच्या पाहणीत मोठे गोचीड कमी झाले, पण त्यांची बारीक पिल्ले कमी झाली नाहीत. आपल्या गोठ्यातला गोचीड तर बहुतेक आयुष्य जनावराच्या अंगावरच काढतो. जमिनीवर गळून पडलेले टिपले जातील. गाईची कास तपासायचे काम आपल्याकडेच राहील. वाळवी, नाकतोडे, तणाचे बी यांचा मात्र ती चांगला समाचार घेते. शिवाय कोंबडीइतकी माती उकरत नाही, त्यामुळे वांग्या-मिरचीचे वाफे बरेचसे शाबूत राहतात.

हे सारे ती करते ते मोकळी फिरते म्हणून. खुराड्यात कोंडली तर नुसता आवाज उरतो, उपयोग जातो. मोकळी सोडली तर उपयोग मिळतो, पण पक्षी हातचा जाण्याची भीती. विकत आणलेली गिनी म्हणूनच पहिले महिना-दीड महिना बंद खोपटातच ठेवावी, तिथेच दाणा-पाणी करावे. घर कुठले हे डोक्यात बसले की थोड्या-थोड्या सोडाव्यात. आतल्यांच्या हाकेने बाहेरच्या परत येतात. नर-मादी ओळखायची तीही हाकेवरूनच. दोन तुकड्यांची हाक फक्त मादी घालते. इंग्रजी बोलणाऱ्यांना त्यात ‘कम बॅक’ ऐकू येते.

खरी कसोटी पिल्लांची. मादी उन्हाळ्यापासून पावसाळाभर अंडी घालते, तीही खुराड्यात नव्हे, उंच गवतात, कुंपणाच्या बुडाशी. दोन-तीन माद्या एकाच जागी घालतात. अंडे कोंबडीच्या अंड्याहून लहान, सुमारे ४० ग्रॅमचे, पण कवच भलतेच टणक. सगळी उचलून नेली तर ती जागा बदलते, म्हणून चार-पाच मागे ठेवावीत. बाकीची खुडूक कोंबडीखाली रवणीला बसवावीत. कोंबडीची पिल्ले २१ दिवसांत निघतात, हिची २६ ते २८. एवढा धीर धरणारी खुडूक निवडावी. गिनी स्वतः आई म्हणून बेभरवशाची. ती पहाटेच दवाच्या गवतातून चालू लागते, आणि भिजलेले, गारठलेले पिल्लू मागे राहते ते राहतेच.

ओल हाच पिल्लांचा काळ. म्हणूनच अंडी पाडव्याच्या सुमाराला बसवलेली बरी. एप्रिल अखेरीस पिल्ले निघतात आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत अंगावर पिसे धरतात. आषाढात निघालेल्यांना वाचवणे कठीण. पहिला आठवडा ३५ अंशांच्या आसपास ऊब, कोरडे अंथरूण, बुडणार नाही असे उथळ पाणी, आणि नुसती कणी नव्हे, तर उकडलेले अंडे, वाळवी, शेंगदाण्याची पेंड असे अंग भरणारे खाणे. कोंबडीमागे वाढलेली पिल्ले तिच्यामागून खुराड्यातही शिरतात. हा लाभ लहान नाही, कारण एरवी मोठी गिनी अंधार पडताच आंब्यावर चढते आणि घुबडाच्या हवाली होते.

तेव्हा तिन्हीसांजेला मूठभर दाणे टाकून त्यांना आत घ्यावे आणि मोजावे. बारा होत्या आणि अकराच आल्या, महिना वैशाखाचा असेल, तर बारावी कुठेतरी गवतात अंड्यांवर बसलेली असण्याचा संभव असतो. जमिनीवर, एकटी, रात्रभर. रानमांजराला तिचा माग लागण्याआधी कंदील घेऊन कुंपणाकडे निघायला हवे.