साठवण-जाळ्यातील स्विच व पोर्ट : परिभाषा आणि सातारा–सांगली अंतराचे गणित

प्रस्तावना :
ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. २००५ आणि २०२१ मध्येही शहरात पुराचे पाणी शिरले होते. नागरी सहकारी बँक असो वा महाविद्यालय, ज्या संस्थेचे सर्व्हर अशा शहरात आहेत तिला आपल्या नोंदींची दुसरी प्रत दूर अंतरावर ठेवणे भाग आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे सातारा हे त्यासाठी सहज सुचणारे ठिकाण होय. मात्र अशा योजनेचे दरपत्रक खरेदी समितीपुढे येते तेव्हा त्यात ‘एफ-पोर्ट’, ‘ई-पोर्ट’, ‘ट्रंकिंग’ असे शब्द आढळतात, आणि समितीतील बहुतेक प्राध्यापक संगणकशास्त्राचे नसतात. प्रस्तुत लेखात या संज्ञांचा अर्थ सातारा–सांगली जोडणीचे कल्पित उदाहरण घेऊन स्पष्ट केला आहे.

सर्व्हर आणि डिस्क अ‍ॅरे यांना जोडणाऱ्या स्वतंत्र जाळ्यास ‘सॅन’ म्हणतात. त्यात प्रामुख्याने फायबर चॅनल ही पद्धती वापरली जाते. एकमेकांस जोडलेल्या अशा स्विचांच्या समूहास ‘फॅब्रिक’ ही संज्ञा आहे.

पोर्टांची नावे :
पोर्टाच्या नावातील अक्षर त्याच्या बनावटीचे वर्णन करते, असा समज सर्वत्र दिसतो. वस्तुतः ते केबलच्या दोन टोकांमधील नाते सांगते. सर्व्हरच्या किंवा अ‍ॅरेच्या बाजूचे टोक ‘एन-पोर्ट’ होय आणि त्यासमोरचे स्विचचे टोक ‘एफ-पोर्ट’. दोन स्विच परस्परांना जोडले की दोन्ही टोके ‘ई-पोर्ट’ बनतात. केबल लावण्यापूर्वी तोच पोर्ट ‘जी-पोर्ट’ असतो, म्हणजे त्याचे नाते अजून ठरलेले नसते. समोरून सर्व्हरने प्रवेशाची विनंती केली तर तो एफ होतो; समोर स्विच निघाला तर ई होतो. त्यामुळे एफ आणि ई पोर्टांचे निरनिराळे भाव दरपत्रकात दिसल्यास खुलासा मागावा. खरी मोजणी परवान्यांची असते. चोवीस पोर्टांचा स्विच घेऊनही परवाना केवळ आठ पोर्टांचा असू शकतो.

‘एनएल’ आणि ‘एफएल’ ही नावे वलयाकार जोडणीची आहेत. ती पद्धत आता मागे पडली आहे.

‘ट्रंकिंग’ या शब्दाने मात्र बराच घोटाळा होतो. ब्रोकेडच्या परिभाषेत अनेक जोडण्या एकत्र बांधून एक रुंद मार्ग करणे म्हणजे ट्रंकिंग. सिस्कोच्या परिभाषेत एकाच जोडणीवरून अनेक आभासी सॅनची वाहतूक नेणे म्हणजे ट्रंकिंग, आणि अशा पोर्टाला ‘टीई-पोर्ट’ म्हणतात. जोडण्या एकत्र बांधण्यास तेथे ‘पोर्ट चॅनल’ असे नाव आहे. दोन दरपत्रकांची तुलना करताना शब्दसाम्यावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

ई-पोर्ट जुळले की दोन फॅब्रिक एक होतात. फॅब्रिकमधील प्रत्येक स्विचला १ ते २३९ मधील वेगळा डोमेन क्रमांक लागतो. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या स्विचांचा क्रमांक एकच निघाला, तर केबल जोडलेली असूनही दोन्ही फॅब्रिक विभक्तच राहतात.

अंतर आणि क्रेडिट :
रेल्वेत किर्लोस्करवाडीहून गाडी सोडण्यापूर्वी पुढील स्थानकाकडून ‘लाइन क्लिअर’ मिळावी लागते. फायबर चॅनलचा नियमही असाच आहे. समोरच्या पोर्टात जागा आहे, याची हमी असल्याखेरीज फ्रेम पाठवली जात नाही. या हमीस ‘बफर क्रेडिट’ म्हणतात. जागेअभावी फ्रेम टाकून देण्याची वेळ येत नाही, हे तिचे फळ. परंतु अंतर वाढले की तीच अडचण ठरते.

काचतंतूतून प्रकाशास एक किलोमीटर जाण्यास सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. सातारा–सांगली अंतर सुमारे १२० किलोमीटर धरल्यास जाऊन-येऊन १.२ मिलिसेकंद होतात. ८ गिगाबिट वेगाला पूर्ण आकाराच्या फ्रेमसाठी दर किलोमीटरला साधारण चार क्रेडिट लागतात, म्हणजे एकूण सुमारे ४८०. त्या ई-पोर्टास आठच क्रेडिट दिलेली असली, तर मार्ग ८ गिगाबिटचा असूनही वाहतूक त्याच्या साठाव्या हिश्शाएवढीच होईल. बिघाडाचा दिवा लागणार नाही आणि दोष मात्र बहुधा अ‍ॅरेवर ढकलला जाईल. काही उत्पादक लांब पल्ल्याच्या क्रेडिटसाठी वेगळा परवाना विकतात. दरपत्रकात तो प्रथम शोधावा.

एवढ्या अंतरासाठी डीडब्ल्यूडीएम यंत्रणा आणि स्वतंत्र काचतंतू घेणे जिल्हा पातळीवरील संस्थेस क्वचितच परवडते. अशा वेळी ‘व्हीई-पोर्ट’ अधिक व्यवहार्य वाटतो. त्यात फायबर चॅनलच्या फ्रेम आयपी जाळ्यातून, भाड्याच्या लाइनवरून, बोगद्यातून न्याव्यात तशा नेल्या जातात. लाइनचा वेग बेताचा असल्याने सामान्यतः साताऱ्याची प्रत सांगलीच्या मागे राहते. ती किती मिनिटे मागे राहील आणि पुराच्या दिवशी तेवढ्या मिनिटांच्या नोंदी कोठून भरून काढायच्या, याचे लेखी उत्तर पुरवठादाराकडून खरेदीपूर्वी घ्यावे.