गाव गेलं, पत्ता उरला!

गाव उठून जातं, पण सरकारी कागद त्याला सहजासहजी सोडत नाही. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रातली अडीच हजारांहून जास्त गावं अशी निघाली, की तिथे माणूसच राहत नाही. नाव आहे, शीव आहे, सातबारा आहे. चूल मात्र एकही पेटत नाही. महसूल खात्यात यांना म्हणतात ‘उजाड’ गावं.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर, म्हणजे तपशीलवार नकाशावर, तर ओसाड गावाला वेगळी खूणच नेमून दिलेली असते. जुन्या शीट एक इंचाला एक मैल या मापाच्या. त्यामुळे माळावरचं एकटं देऊळ आणि त्याशेजारची विहीरही त्यात सापडते. दोन्ही दिसली आणि आसपास वस्ती नसली, तर तिथे थोडं रेंगाळा, कदाचित तिथे कधी गाव असेल.

इंदापूर तालुक्यातलं पळसदेव घ्या. जुन्या नकाशात ते भीमेच्या काठावर, नव्यात पुणे-सोलापूर महामार्गावर! नकाशा चुकलेला नाही, गावच सरकलं. 1980च्या सुमारास उजनी धरणाचं पाणी चढलं, गावकरी वर आले आणि येताना नावही घेऊन आले. पळसनाथाचं जुनं देऊळ मागे राहिलं. पाणी आटलं की त्याचं शिखर डोकं वर काढतं. उजनीने रेल्वेलाही सोडलं नाही, तिचा मार्गही बदलावा लागला. धरणाआधीची आणि नंतरची शीट शेजारी ठेवून पाहा, कादंबरीपेक्षा बरा वेळ जातो.

गोव्यातलं कुर्डी साळावली धरणात गेलं. मोगूबाई कुर्डीकरांच्या आडनावातलं ते हेच कुर्डी. उन्हाळ्यात ते पाण्याबाहेर येतं आणि गावकरी तिथे जमतात. जुन्या कागदांत मात्र ते पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं. खडकीचं ‘किर्की’ आणि वसईचं ‘बसीन’ करणाऱ्या इंग्रजांचीही तीच तऱ्हा. म्हणून अशा गावाचा शोध घ्यायचा तो कानाने, स्पेलिंगने नव्हे.

आता टपाल. पत्त्यात ‘मु. पो.’ जोडीने आलं, तर पोस्ट गावातच. ‘मु.’ एक आणि ‘पो.’ दुसरंच असेल, तर पत्रं शेजारच्या गावातून यायची. गाव बुडालं तरी ते दुसरं गाव बहुधा जागेवर असतं, आणि तिथून माग काढता येतो.

पाकिटावर पिन कोड असेल, तर ते 15 ऑगस्ट 1972 नंतरचं. ही पद्धत आणली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी! पिन नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. तो लिहायचा कंटाळा आपल्याकडे अजून टिकून आहे.

घरात आजोबांची जुनी पत्रं असतील तर तिकिटं कापून घेऊन पाकिटं फेकू नका. गावाचं नाव आणि तारीख तिकिटावरच्या पुसट शिक्क्यातच असते.