जोडी मागू नका

माशांच्या दुकानात शिरलेलं नवं गिऱ्हाईक हमखास जोडी मागतं. गप्पीची एक, मोलीची एक, त्या तलवारीसारख्या शेपटीवाल्याची एक. दुकानदारही पिशवीत पाणी भरून, हवेने फुगवून, रबर लावून हातात देतो. पिल्लं देणाऱ्या माशांच्या बाबतीत याहून वाईट खरेदी नाही. या जातींच्या नराला पिल्लांचं काही करायचं नसतं, घरटं बांधायचं नसतं. दिवस उजाडल्यापासून दिवा मालवेपर्यंत तो मादीच्या मागे असतो, आणि मादी एकच असेल तर तिला खायला-विसावायलाही उसंत मिळत नाही. एका नरामागे दोन-तीन माद्या असल्या की ही भुणभुण वाटली जाते. पण माद्या वाढल्या की पिल्लं वाढतात, आणि अशा टाकीचा खरा हिशेब तिथून सुरू होतो.

गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे चौघे एकाच कुळातले, मूळचे मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकापर्यंतच्या ओढ्या-नद्यांतले. मादी अंडी पाण्यात सोडत नाही. ती पोटातच उबतात आणि पोहता येणारी, डोळे उघडे असलेली पिल्लं बाहेर पडतात. नर ओळखणं सोपं आहे. पोटाखालचा मागचा पर मादीत पंख्यासारखा पसरट असतो, नरात तो काडीसारखा बारीक होतो. ही काडी म्हणजेच त्याचा प्रजननाचा अवयव. एकदा मीलन झालं की मादी ते बीज कित्येक महिने साठवून ठेवते आणि नर जवळ नसतानाही वेतामागून वेत देत राहते. म्हणून ‘आम्ही फक्त माद्याच आणल्या’ म्हणणाऱ्यांच्या टाकीतही महिन्याभरात पिल्लं दिसतात. दुकानात नर-माद्या एकत्रच ठेवलेल्या असतात. वयात आलेली मादी तिथूनच गाभण येते, असं धरून चालावं.

दोन वेतांमधलं अंतर साधारण तीन ते पाच आठवडे, पाणी उबदार असेल तर कमी. गप्पी एका वेळी वीस-तीस पिल्लं सहज देते, मोठी स्वोर्डटेल शंभराच्या वर जाऊ शकते. एवढी घाई कशासाठी, याचं उत्तर त्रिनिदादच्या ओढ्यांत शोधलं गेलं. १९८० साली जॉन एंडलर यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की शिकारी मासे असलेल्या पाण्यात काही पिढ्यांतच गप्पीचे नर फिके होतात आणि शिकारी नसले की पुन्हा रंगीत. पुढे डेव्हिड रेझनिक आणि सहकाऱ्यांनी शिकाऱ्यांच्या तावडीतले गप्पी सुरक्षित ओढ्यात हलवून अकरा वर्षांनी तपासले. तिथे ते उशिरा वयात येऊ लागले होते आणि कमी पण मोठी पिल्लं देऊ लागले होते. थोडक्यात, ही वीण भुकेल्या तोंडांचा अंदाज घेऊन ठरलेली असते. आपल्या टाकीत ती तोंडं नसतात. असतात फक्त आईबाप, आणि ते आपलीच पिल्लं खातात. नव्या हौशी माणसाला याचा धक्का बसतो. मला मात्र तो टाकीतला एकमेव नैसर्गिक लगाम वाटतो.

गप्पी हे नाव रॉबर्ट जॉन लेचमियर गपी या त्रिनिदादमधल्या निसर्ग-अभ्यासकाचं. त्यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून ब्रिटिश म्युझियममधल्या अल्बर्ट गुंथर यांनी १८६६ साली माशाला त्यांचं नाव दिलं. त्याआधी १८५९ मध्येच विल्हेल्म पीटर्स यांनी व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलेलं असल्याने शास्त्रीय नावातून गपी गेले, बोलण्यात मात्र राहिले. महाराष्ट्रात तर हे नाव हौशी लोकांपेक्षा हिवताप विभागामुळे जास्त पसरलं. आरोग्य केंद्राच्या आवारातला ‘गप्पी मासे पैदास केंद्र’ लिहिलेला हौद, विहिरीत आणि टाक्यांत सोडले जाणारे करड्या रंगाचे बारके मासे, हे गावोगावच्या माणसाला माहीत असतं. दुकानातला झगमगीत शेपटीचा गप्पी त्याच जातीचा, फक्त पिढ्यान्‌पिढ्या रंगासाठी निवडलेला आणि त्या निवडीत बराच नाजूक झालेला.

आता पाणी. बहुतेक लोक आधी मासे निवडतात आणि मग पाण्याशी झगडतात. माझ्या मते आधी पाणी पाहावं. या चौघांनाही क्षार असलेलं, किंचित अल्कधर्मी पाणी मानवतं. सामू सात ते सव्वाआठ चालतो. मोलीचं तर त्यावाचून चालत नाही, तिचे काही भाईबंद खाडीच्या मचूळ पाण्यातही राहतात. ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, ते पाणी मोलीला उत्तम. मराठवाड्यात किंवा विदर्भात बोअरवर राहणाऱ्यांनी यासाठी तरी त्या पाण्याला शिव्या देणं थांबवावं. मुंबईचं पाणी पावसावर भरणाऱ्या तलावांचं, म्हणून हलकं. त्यात आणलेली मोली आठवड्याभरात एका जागी उभी राहून नुसती अंग हलवत राहते, पर मिटून घेते. मग दुकानातून निळं औषध येतं, पिवळं औषध येतं, आणि मासा जातो. रोग नसतोच, पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं.

हलक्या पाण्यात राहणाऱ्यांनी सरळ प्लॅटी आणि गप्पी घ्यावेत, ते जास्त जुळवून घेतात. शिवाय फिल्टरमध्ये एका जाळीच्या पिशवीत तिसऱ्यांची शिंपली उकळून, घासून, ठेचून ठेवावीत. ती हळूहळू विरघळतात आणि सामूही घसरू देत नाहीत. दुकानात पोवळ्याचे तुकडे मिळाले तरी घेऊ नयेत, आपल्याकडे पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आरओचं शुद्ध पाणी या माशांसाठी निरुपयोगी. आणि इमारतीत सॉफ्टनर बसवलेला असेल तर त्यातून आलेल्या पाण्यातलं कॅल्शियम काढून सोडियम घातलेलं असतं. टीडीएस मीटर मोठा आकडा दाखवतो म्हणून फसू नये. पाण्याचा जडपणा मोजायचा वेगळा किट मिळतो, तो घ्यावा.

टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच असली तर काठोकाठ सव्वाशे लिटर पाणी बसतं; प्रत्यक्षात शंभर-एकशे दहा. काच, वाळू धरून वजन दीडशे किलोच्या पुढे जातं, तेव्हा टीव्हीचं टेबल वापरू नये. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, विशेषतः स्वोर्डटेलसाठी. आणि झाकण हवंच, कारण स्वोर्डटेल उडी मारतो.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनसाठी हायपोचे खडे कोणत्याही दुकानात मिळतात. पाणी भरल्यावर लगेच मासे सोडले तर त्यांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया साठतो. फिल्टरच्या स्पंजवर दोन प्रकारचे जिवाणू वसले की एक अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. ही वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी लोणच्यासारखी मुरू द्यावी लागते. अल्कधर्मी पाण्यात हे अधिकच महत्त्वाचं, कारण सामू सातावरून आठावर गेला की त्याच अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट होतो. ओळखीच्या कुणाच्या निरोगी, जुन्या टाकीतला मळलेला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. त्यासारखी भेट नाही. पुढे स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात. नळाखाली धरला की क्लोरिनने वस्ती मरते.

वनस्पतींत चोखंदळपणा नको. हायड्रिला, हॉर्नवॉर्ट, वॅलिसनेरिया, जावा मॉस यांना जड पाणी चालतं. तळ्यातून हायड्रिला आणली तर पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात थोडा वेळ बुडवून, नीट धुऊन घ्यावी. तिच्यातून चतुराच्या अळ्या येतात आणि त्या पिल्लं फस्त करतात. दाट झुडूप एका कोपऱ्यात ठेवावं, बाकी पोहायला मोकळं. पाणी २४ ते २८ अंश असावं. पुणे-नाशिकच्या थंडीत थर्मोस्टॅटचा हीटर लागतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात प्रश्न उलटा: तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एअर पंप रात्रीही बंद करू नये आणि पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा.

मासे किती? अशा टाकीत मी दोनच जाती ठेवीन. जड पाण्यात मोलीचा एक नर, तीन माद्या आणि सोबत गप्पीचे सात-आठ नर, नुसते नर. हलक्या पाण्यात प्लॅटीचे दोन नर, पाच माद्या आणि तेच गप्पी. मोठ्या पंखाची सेलफिन मोली चार-पाच इंचांची होते, तिच्यासाठी ही टाकीही लहानच. प्लॅटी आणि स्वोर्डटेल एकत्र ठेवले तर त्यांचा संकर सहज होतो आणि धड ना हा धड ना तो अशी पिल्लं येतात. गप्पी आणि एंडलर नावाचा त्याचा भाईबंद मासा यांचंही तेच. स्वोर्डटेलचा नर एकच ठेवावा, दोघे असले तर दुबळा मार खातो. ‘आमच्या मादीला शेपूट फुटून ती नर झाली’ ही गोष्ट खूप ऐकू येते. बहुतेक वेळा तो उशिरा वयात आलेला नरच असतो. बलून मोली मी घेत नाही. तिचं गोल पोट म्हणजे आखूड झालेला वाकडा कणा, तो मुद्दाम टिकवलेला आहे. टायगर बार्ब आणि गप्पी एकत्र ठेवू नयेत, गप्पीच्या शेपट्या उरत नाहीत.

आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं. नुसती भर घालत राहिलं तर वाफ होऊन क्षार वाढत जातात. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून दोनदा. मोली आणि प्लॅटीला हिरवंही लागतं. वाफवलेला पालक, साल काढून कुस्करलेला मटार त्या आवडीने खातात.

मादीचं पोट चौकोनी दिसू लागलं आणि मागचा काळपट डाग गडद झाला की लोक तिला प्लॅस्टिकच्या प्रसूती-डबीत कोंडतात. त्या अडचणीत ती घाबरते, कधी वेळेआधी पिल्लं टाकते. झुडपात ज्यांना लपता येईल ती वाचतील, एवढं पुरेसं आहे. एखादं वेत मुद्दाम वाढवायचं असेल तर दोन फुटी वेगळी टाकी, स्पंज फिल्टर, बारीक केलेलं खाद्य आणि ताजे आर्टेमिया. उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो, पण पाणी पटकन नासतं. महिन्याभरात नरांचा पर बारीक होताना दिसला की ते बाजूला काढावेत. आणि कटकटच नको असेल तर गप्पीच्या नुसत्या नरांची टाकी करावी. रंग सगळा त्यांच्याकडेच असतो.

उरलेले मासे दुकानदार बदल्यात घेतो, निदान खाद्याच्या डबीपुरते. ओढ्यात, तळ्यात ते सोडू नयेत. उजनी धरणातल्या जाळ्यांत चिलापीच्या जोडीला आता सकर येतो, तो घरच्या काचेच्या टाक्यांसाठीच देशात आणलेला मासा. गप्पी दिसायला निरुपद्रवी, पण घाण पाण्यातही टिकतो आणि देशी माशांची अंडी-पिल्लं खातो. डासांच्या अळ्या खाणारे, डोक्यावर चमकता ठिपका असलेले मासे आपल्या ओढ्यांत आधीपासून आहेत.

दिवाळीत गावी जायचं असेल तर मोठे मासे आठवडाभर उपाशी राहतात, त्यांना काही होत नाही. शेजाऱ्यांकडे खाद्याची डबी देऊन जाऊ नये; दया येऊन ते चिमूट-चिमूट टाकत राहतात आणि मासे उपासाने नाही, नासलेल्या पाण्याने मरतात. अगदी द्यायचंच असेल तर एका दिवसाचं खाद्य एका पुडीत, अशा दोन-तीन पुड्या बांधून द्याव्यात. निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदलावं, दिव्याला टायमर लावावा. आणि एअर पंप फटाक्यांच्या धुराकडच्या खिडकीजवळ असेल तर तो आतल्या भिंतीकडे सरकवून घ्यावा, कारण खोलीत जी हवा असते तीच तो पाण्यात सोडतो.