लादलेली मतपेटी म्हणजे लोकशाही नव्हे!

मतपेटी आली की लोकशाही आली, असा सर्वसाधारण समज आहे. कायद्याचे विद्यार्थी असताना आम्हीही तसेच मानत होतो. परंतु उत्तर अमेरिकेतील मोहॉक या मूलनिवासी राष्ट्राचा इतिहास वाचला आणि या समजाला तडा गेला.

मोहॉक हे इरोक्वाय महासंघातील एक राष्ट्र. गोऱ्यांच्या वसाहती उभ्या राहण्यापूर्वीच या महासंघाचा 'शांततेचा महान कायदा' तेथे नांदत होता. कासव, लांडगा आणि अस्वल ही मोहॉकांची तीन कुळे. प्रत्येक कुळाचे तीन, असे नऊ प्रमुख एकमताने कारभार पाहत. प्रमुख निवडणार कोण? कुळमाता! तो लोकहित विसरला तर तीन वेळा ताकीद देऊन, त्याच्या पदाचे चिन्ह असलेली हरणाची शिंगे उतरविण्याचा अधिकारही तिचाच.

कॅनडाने १८७६ च्या 'इंडियन अ‍ॅक्ट'मध्ये निवडणुकीची पद्धत आणली आणि मताधिकार दिला फक्त पुरुषांना. म्हणजे जी स्त्री राज्यकर्ता घडवीत होती, तिलाच कायद्याने मुकी केली! या निवडणुकांत स्त्रियांना मत मिळाले थेट १९५१ साली. याला सुधारणा म्हणायचे काय?

लोकांनी अर्थातच विरोध केला. १८९९ मध्ये अक्वेसास्ने येथे पोलिसांनी पारंपरिक प्रमुखांना अटक केली. गोळीबारात जेक आइस हा मोहॉक ठार झाला. १९२३ मध्ये महासंघाचे कायुगा प्रमुख देस्काहे जिनिव्हाच्या राष्ट्रसंघापर्यंत दाद मागायला गेले. दाद मिळाली नाहीच, उलट १९२४ मध्ये ग्रँड रिव्हर येथील पारंपरिक परिषद बरखास्त करून निवडणूक लादली गेली. १९२७ पासून तर शासनाच्या परवानगीशिवाय हक्कांच्या दाव्यासाठी निधी गोळा करणे हाच गुन्हा ठरला. वकील म्हणून आम्हाला हे कलम सर्वाधिक क्रूर वाटते. न्यायालयाचे दार उघडे ठेवायचे, पण तिथवरचा रस्ताच खणून टाकायचा!

१९९० मध्ये कानेसाताके येथे गोल्फ मैदानाच्या विस्ताराविरुद्ध मोहॉक ७८ दिवस ठाण मांडून राहिले. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासी हक्क जाहीरनाम्याविरुद्ध मत देणाऱ्या चार देशांत कॅनडा होता. २०२१ मध्ये त्याच देशाने तो जाहीरनामा अमलात आणण्याचा कायदा केला. मात्र १८७६ चा कायदा, दुरुस्त्यांसह, आजही कायम आहे.

आमचा निवडणुकीला विरोध नाही. प्रश्न संमतीचा आहे. ज्यांच्यावर राज्य करायचे, त्यांना न विचारता आणलेली मतपेटी ही लोकशाही नव्हे; ती गुलामीच होय.