महाराष्ट्राची दोन सभागृहे

महाराष्ट्राचे विधिमंडळ राज्यपाल, विधानसभा आणि विधानपरिषद मिळून बनते. देशात सहाच राज्यांत विधानपरिषद आहे. महाराष्ट्र त्यांपैकी एक.

विधानसभेत 288 सदस्य असतात. त्यांना मतदार थेट निवडून देतात. माळशिरस तालुक्यातील श्रीपूरचा मतदार माढा मतदारसंघात मत देतो. सभेची मुदत 5 वर्षांची असून ती त्याआधीही विसर्जित होऊ शकते. उमेदवाराचे वय किमान 25 हवे. सभेचे कामकाज अध्यक्ष चालवतात.

विधानपरिषदेच्या 78 जागा पाच वाटांनी भरतात. 30 सदस्य आमदार निवडतात, 22 स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी, 7 पदवीधर आणि 7 शिक्षक. 12 जणांची नियुक्ती राज्यपाल करतात. नियुक्तीसाठी साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा ही क्षेत्रे ठरलेली आहेत. श्रीपूरचा पदवीधर नाव नोंदवून पुणे पदवीधर मतदारसंघात पसंतीक्रमाने मत देतो. महाळुंग-श्रीपूर नगरपंचायतीच्या नगरसेवकांना स्थानिक संस्थांच्या मतदारसंघात मत असते. ग्रामपंचायत सदस्यांना ते नसते. परिषद कधीच विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत 6 वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. उमेदवाराचे वय किमान 30 हवे. इथे पीठासीन अधिकाऱ्याला सभापती म्हणतात.

दोन्ही सभागृहांचे अधिकार सारखे नाहीत. मंत्री कोणत्याही सभागृहाचा असो, मंत्रिमंडळ विधानसभेलाच जबाबदार असते. अविश्वास ठराव तिथेच येतो. धन विधेयक फक्त विधानसभेत मांडता येते. परिषदेने ते 14 दिवसांत परत करायचे असते आणि तिच्या शिफारशी स्वीकारणे सभेच्या मर्जीवर असते. विधानसभेने संमत केलेले साधे विधेयक परिषद पहिल्यांदा तीन महिने आणि दुसऱ्यांदा एक महिना रोखू शकते. त्यानंतर सभेचाच निर्णय टिकतो.

तरीही परिषदेचे मोल या मुदतींवरून ठरत नाही. तिचे दीर्घकाळ सभापती राहिलेले वि. स. पागे हे रोजगार हमी योजनेचे जनक. सोलापूरसारख्या दुष्काळी जिल्ह्यांत मजुरांच्या हाताला काम देणाऱ्या या योजनेला 1977 च्या अधिनियमाने कायद्याचा आधार मिळाला.

विधिमंडळाची अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशने मुंबईच्या विधान भवनात होतात. 1953 च्या नागपूर कराराला अनुसरून हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते.